कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आणि संगणकाचा पहिला पाठ

ज्यांचें चरित्र आम्ही ह्या अंकांत विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या हातीं देत आहों, ते गृहस्थ कोणत्याही विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. त्यांच्यापाशीं द्रव्य नव्हतें, अधिकार नव्हता, आणि संगणक हें यंत्र तर त्यांच्या उमेदीच्या काळांत ह्या देशांत आलेंही नव्हतें. नाशिकजवळच्या देवळालीस ते शाळामास्तर होते. असें असूनही, आज ठिकठिकाणीं मुलें संगणकास आज्ञा द्यावयास शिकूं लागतात, तेव्हां प्रारंभींच्या धड्यांत पुष्कळदां ह्या मराठी मास्तरांनीं शोधलेली एक संख्या त्यांच्यापुढें येऊन उभी राहते. ती संख्या कोणती, तिच्यापर्यंत मास्तर कसे पोंचले, आणि आमच्या रत्नागिरीच्या मुलांनीं त्यांजपासून काय घ्यावें, हें सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजीं, मुंबईच्या उत्तरेस समुद्रकांठीं असलेल्या डहाणू ह्या गांवीं झाला. ते आठ वर्षांचे असतांना मातोश्री निवर्तल्या व त्यांच्या संगोपनाचा सर्व भार वडिलांवर पडला. वडील कारकुनी करीत व त्यांस ज्योतिषाचा मोठा नाद होता. ज्योतिषाच्या खरेखोटेपणाविषयीं आम्हांस येथें कांहीं बोलावयाचें नाहीं. परंतु कुंडली मांडावयाची म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार हीं अखंड चालूं असावयाचीं. आईविना वाढणाऱ्या त्या मुलानें बापाकडून आंकडेमोडीची गोडी उचलली. कित्येक मुलांस आंकडा दिसतांच छडी आठवते. ह्या मुलास आंकडा हा घरांतला सोबती झाला.

ठाण्यास माध्यमिक शिक्षण पुरें करून १९२३ सालीं कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत दाखल झाले. येथें आमच्या जिल्ह्याचा एक धागा त्यांच्या चरित्रास येऊन मिळतो. दापोली तालुक्यांतील मुर्डी ह्या लहानशा गांवीं १८७६ सालीं जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ सालीं केंब्रिज येथील गणिताच्या परीक्षेंत पहिले आले व सीनिअर रँग्लर झालेले पहिले हिंदी गृहस्थ ठरले. पुढें त्यांनीं अनेक वर्षें फर्ग्युसन कॉलेजाचें प्राचार्यपद भूषविलें. त्यांच्या नांवानें गणितांतील स्वतंत्र कामगिरीबद्दल जें पारितोषिक दिलें जाई, तें १९२७ सालीं कापरेकरांनीं पटकाविलें. १९२९ सालीं ते बी. एस्सी. झाले. ह्यापुढची पदवी त्यांनीं घेतली नाहीं. १९३० सालीं देवळालीच्या शाळेंत ते शिक्षक म्हणून रुजू झाले, आणि १९६२ सालीं निवृत्त होईपर्यंत, म्हणजे सतत बत्तीस वर्षें, तेथेंच राहिले.

बत्तीस वर्षें एका गांवांत मास्तरकी करणाऱ्या मनुष्याच्या चरित्रांत सांगण्याजोगें तें काय असणार, असें कोणी म्हणेल. वह्या तपासणें, तास घेणें, परीक्षा उरकणें ह्यांतच बहुतेकांचें आयुष्य सरतें, हें आम्ही अनुभवानें जाणतों. कापरेकरांनीं हीं सर्व कामें केलीं आणि उरलेला सारा वेळ संख्यांस दिला. शाळेबाहेर ते संख्यांचे निरीक्षण करीत. जसा कोणी पक्ष्यांचे करतो, कोणी वनस्पतींचें करतो, तसें. विशेष गुण दिसला कीं ते त्या संख्येस नांव ठेवीत, आणि तीं नांवेंही आपल्या मातींतलीं असत. १, १२१, १२३२१ ह्या जातीच्या संख्यांचा विचार त्यांस रेल्वेच्या ज्या स्टेशनावर सुचला, तें हल्लींचें डोंबिवली. त्या वेळीं त्यास डेम्लो म्हणत, म्हणून त्या डेम्लो संख्या झाल्या. जिच्या आंकड्यांच्या बेरजेनें तिला निःशेष भाग जातो, तिला त्यांनीं हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असें म्हटलें. उदाहरणार्थ १८, कारण एक व आठ मिळून नऊ होतात व नवांनीं अठरास भाग जातो. कोणत्याही संख्येंत तिच्याच आंकड्यांची बेरीज मिळवली असतां नवी संख्या जन्मास येते. २१ पासून २४ होतात. परंतु २० ही संख्या अशा रीतीनें कोणत्याच संख्येपासून होत नाहीं. अशा स्वयंभू संख्यांस त्यांनीं आपल्या गांवावरून देवळाली संख्या हें नांव दिलें. आणखी एका जातीस तर जग त्यांच्याच नांवानें ओळखतें. ४५ चा वर्ग २०२५; त्याचे २० व २५ असे दोन भाग करून मिळविले असतां पुन्हां ४५ येतात. ही कापरेकर संख्या होय.

ज्या शोधामुळें त्यांचें नांव अजरामर झालें, तो १९४९ सालचा. कोणतीही चार आंकडी संख्या घ्यावी. चारही आंकडे सारखे मात्र नसावेत. तिचे आंकडे उतरत्या क्रमानें मांडावे, मग चढत्या क्रमानें मांडावे, आणि मोठ्या संख्येंतून लहान संख्या वजा करावी. जी बाकी येईल तिच्यावर पुन्हां हीच क्रिया करावी. उदाहरणास आपण मास्तरांचें जन्मसालच घेऊं. १९०५ ह्या संख्येचे आंकडे उतरते मांडले कीं ९५१०, चढते मांडले कीं ०१५९, वजाबाकी ९३५१. आतां ९५३१ मधून १३५९ गेले, उरले ८१७२. ८७२१ मधून १२७८ गेले, उरले ७४४३. ७४४३ मधून ३४४७ गेले, उरले ३९९६. ९९६३ मधून ३६९९ गेले, उरले ६२६४. ६६४२ मधून २४६६ गेले, उरले ४१७६. ७६४१ मधून १४६७ गेले, उरले ६१७४. सातव्या खेपेस आपण येथें आलों. पुढें कितीही वेळां क्रिया केली तरी ६१७४ च येत राहणार. वाचकांनीं दुसरी कोणतीही संख्या घेऊन पाहावी. सात खेपांच्या आंत ती ह्याच मुक्कामास येते. ह्या ६१७४ ला कापरेकरांचा स्थिरांक म्हणतात.

हा शोध लागला तेव्हां आपल्या देशांत संगणक नव्हता. पहिला संगणक कलकत्त्यास आला तो १९५५ च्या सुमारास. देवळालीच्या मास्तरांपाशीं कागद होता, पेन्सिल होती, आणि एकच क्रिया न कंटाळतां पुन्हां पुन्हां करून तिच्या शेवटाकडे डोळा लावून बसण्याची चिकाटी होती.

तथापि स्वदेशांत त्यांचें कौतुक फारसें झालें नाहीं. कित्येक विद्वान गणितज्ञ त्यांच्या कामास पोरखेळ समजून हंसत. ह्या विद्वानांचें म्हणणें सर्वस्वीं निराधार होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. कापरेकरांनीं शोधलेले पुष्कळ गुण दशमान पद्धतीनें संख्या लिहिल्यामुळें दिसतात. लिहिण्याची पद्धति बदलली कीं ते पालटतात, आणि गणिताचे मोठे सिद्धान्त अशा गुणांवर उभे राहत नाहींत. परंतु ज्या गणिताचा प्रश्न पांचवीच्या मुलास समजतो, उत्तर तो आपल्या हातानें पडताळून पाहूं शकतो, आणि कारण शोधावयास लागला असतां मोठ्यांचीही बुद्धि कसास लागते, तें गणित क्षुद्र कसें म्हणावें? मास्तरांनीं हंसणाऱ्यांशीं भांडण मांडलें नाहीं. त्यांचे लेख परदेशांतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका ह्यासारख्या नियतकालिकांत येत राहिले, आणि अनेक लहान पुस्तकें त्यांनीं स्वतःच देवळालीहून प्रसिद्ध केलीं. स्नेही त्यांस गणितानंद म्हणत.

निवृत्तीनंतरचे दिवस सोपे नव्हते. निवृत्तिवेतन अपुरें पडे, म्हणून मास्तर गणिताच्या व शास्त्राच्या शिकवण्या करीत. १९६६ सालीं पत्नी वारल्या. अशा स्थितींत १९७५ च्या मार्च महिन्यांत सायंटिफिक अमेरिकन ह्या मासिकांत मार्टिन गार्डनर ह्या प्रसिद्ध लेखकानें त्यांच्या संख्यांविषयीं लिहिलें आणि देवळालीचें नांव जगभरच्या गणितप्रेमी वाचकांच्या मुखीं झालें. मास्तर त्या वेळीं सत्तर वर्षांचे होते. १९८६ सालीं ते निवर्तले.

त्याच वर्षांत जगांत एक नवल घडत होतें. पूर्वीं संगणक म्हणजे खोली भरून टाकणारें यंत्र. तें आतां टेबलावर मावूं लागलें व दूरदर्शन-संचास जोडून घरांत वापरतां येऊं लागलें. ज्या केंब्रिजांत आमचे परांजपे पहिले आले होते, त्याच गांवच्या एकॉर्न कंपनीनें १९८१ च्या अखेरीस बीबीसी मायक्रो हा संगणक बाजारांत आणला, आणि तेथल्याच सिंक्लेअर कंपनीनें १९८२ सालीं स्पेक्ट्रम आणला. १९८४ सालीं भारत सरकारनें क्लास ह्या नांवाची योजना काढून आपल्या देशांतील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो पाठविले. ह्या यंत्रांचा एक गुण आजच्या मुलांस चमत्कारिक वाटेल. बटण दाबतांच पडद्यावर ना चित्रें येत ना खेळ येत. एक लहानशी खूण लुकलुकत राही आणि यंत्र मनुष्याच्या आज्ञेची वाट पाही. बेसिक नांवाच्या सोप्या भाषेंत ओळीमागून ओळ लिहून यंत्रास काय करावयाचें तें सांगावें लागे. जो कांहीं सांगूं शकत नसे, त्याच्यापुढें तें यंत्र मुकेंच राही.

आम्ही शाळकरी असतांना अशा एका जुन्या यंत्रापुढें बसण्याचा योग आम्हांस आला, आणि आम्हीं पहिल्यानें जी आज्ञावली लिहिली ती ६१७४ चीच. तिची हकीकत सांगतों, कारण तींत आमची फजिती झाली. संख्येचे चार आंकडे सुटे करावयाचे, ते लहानमोठे पाहून लावावयाचे, दोन संख्या बनवून वजाबाकी करावयाची, आणि ६१७४ येईपर्यंत हेंच पुन्हां करावयाचें, एवढेंच काम होतें. आम्हीं संख्या शब्दासारखी धरून तिचीं एकेक अक्षरें वेगळीं काढलीं. पुष्कळ संख्यांस उत्तर बरोबर आलें. मग आम्हीं १११२ घातले. यंत्रानें प्रथम ९९९ दाखविले, नंतर शून्य, आणि मग शून्यामागून शून्यांची जी रांग लागली ती थांबेना. आम्ही हर्षानें ओरडलों कीं, कापरेकरांचा नियम खोटा ठरला! एवढ्या मोठ्या यंत्रानें तो खोटा ठरविला!

आमच्या सरांनीं कांहीं न बोलतां कागद व पेन्सिल पुढें केली. हातानें वजाबाकी करतांच चूक उमगली. २१११ मधून १११२ गेले म्हणजे उरतात ते नुसते ९९९ नव्हेत. मास्तरांच्या रीतीनें ते ०९९९ होत. यंत्रास पुढचें शून्य लिहिण्याचें कारण नव्हतें, म्हणून त्यानें तें टाकलें; तीन अक्षरें उरलीं, आणि ९९९ मधून ९९९ गेल्यावर दुसरें काय उरणार? शून्य जागेवर ठेवलें कीं ९९९० मधून ०९९९ जाऊन ८९९१, पुढें ८०८२, ८५३२ आणि पांचव्या खेपेस ६१७४ सुखरूप येतात. मग आम्हीं अक्षरें सोडून अंकगणिताची वाट धरली. हजारानें भागून पहिला आंकडा घ्यावा, उरलेल्या बाकीस शंभरानें भागून दुसरा, दहानें भागून तिसरा, आणि शेवटीं उरेल तो चौथा. बेसिकमध्यें भागाकारास डिव्ह व बाकीस मॉड अशा आज्ञा आहेत. ह्या रीतींत शून्य हरवत नाहीं. चूक यंत्राची नव्हती आणि मास्तरांचीही नव्हती. आम्हीं सांगण्यांत कसूर केली होती. संगणक सांगितलें तेवढेंच करतो, हें वाक्य पुस्तकांत पुष्कळदां वाचावयास मिळतें. त्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशीं कळला.

यापुढची पायरी चित्राची. बीबीसी मायक्रोस चित्रें काढण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत व त्यांस मोड म्हणतात. दुसऱ्या मोडमध्यें पडदा रुंदीला १६० व उंचीला २५६ ठिपक्यांचा होतो आणि काळा, तांबडा, हिरवा, पिंवळा, निळा, किरमिजी, आस्मानी व पांढरा असे आठ स्थिर रंग मिळतात. यंत्राची सारी स्मृति ३२ किलोबाइटांची. त्यांतील २० किलोबाइट ह्या चित्रासच लागतात, म्हणून आज्ञावली आटोपशीर लिहावी लागते. आतां ०००० पासून ९९९९ पर्यंतच्या दहा हजार संख्या शंभर बाय शंभर ठिपक्यांच्या चौकोनांत मांडाव्या. पहिले दोन आंकडे आडवें अंतर, शेवटचे दोन उभें अंतर. संख्येस ६१७४ पर्यंत येण्यास जितक्या खेपा लागतील त्याप्रमाणें जीकॉल ह्या आज्ञेनें रंग निवडावा व प्लॉट ह्या आज्ञेनें ठिपका टाकावा. खेपा एकापासून सातापर्यंत, म्हणून सात रंग. आठवा काळा रंग ज्यांस एकही खेप लागत नाहीं किंवा जे मुक्कामास पोंचतच नाहींत त्यांच्यासाठीं.

चित्र भरण्यास त्या मंद यंत्रास पुष्कळ वेळ लागे, परंतु तें हळूहळू उमटतांना पाहणें हाच मोठा आनंद होता. चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मानली, तर तिच्या दोन्ही बाजूंस तंतोतंत सारखी नक्षी दिसते. कारण आंकडे तेच असले म्हणजे त्यांचा क्रम कसाही असो, खेपा तितक्याच लागतात. त्या रेघेवर ००००, ११११, २२२२ असे दहा काळे ठिपके सारख्या अंतरानें बसलेले असतात. आणि रेघेपासून दूर, अवघ्या रंगीबेरंगी चौकोनांत एकटा एक काळा ठिपका राहतो. आडवे ६१ आणि उभे ७४ मोजून पाहावे; तोच मास्तरांचा मुक्काम.

येथें आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावी. यंत्र बिचारें दहा हजार संख्या एकेक करून तपासतें. विचार करणारा मनुष्य काय करील? चार आंकड्यांपैकीं सर्वांत मोठा व सर्वांत लहान ह्यांतील अंतर घ्यावें आणि मधल्या दोहोंतील अंतर घ्यावें. पहिल्या अंतरास ९९९ नें व दुसऱ्यास ९० नें गुणून बेरीज केली कीं पहिली वजाबाकी आयती मिळते. १९०५ चीं अंतरें ९ व ४. म्हणून ८९९१ व ३६० मिळून ९३५१. पहिलें अंतर एकापासून नवापर्यंत असूं शकतें व दुसरें पहिल्याहून मोठें असूं शकत नाहीं. सर्व प्रकार मोजले तर ते अवघे ५४ भरतात. म्हणजे ९,९९० संख्या पहिल्याच खेपेस ५४ संख्यांत गोळा होतात! ज्यास हें सुचलें त्यास यंत्राची गरजच उरत नाहीं. आषाढांतल्या झडीच्या दोन सुट्यांत तो कोंकणांतल्या आपल्या ओटीवर बसून वहींत सारा नियम सिद्ध करूं शकेल.

ह्याचा उपयोग काय, असा प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात, आणि मुलाच्या भवितव्याची काळजी वाहणाऱ्यानें तो विचारणें रास्त आहे. ६१७४ ही संख्या ठाऊक असल्यानें कोणास नोकरी लागणार नाहीं. ती शोधणाऱ्यासही म्हातारपणीं शिकवण्या कराव्या लागल्या, हें आम्हीं लपविलें नाहीं. परंतु कामाचे लहान लहान भाग पाडणें, प्रत्येक भाग संशयास जागा न ठेवतां सांगणें, उत्तर आलें तरी तें पडताळून पाहणें, आणि मोठें यंत्र व लहान मनुष्य ह्यांत मतभेद झाला तर कागद पुढें ओढून खरें कोणतें तें स्वतः पाहणें, ह्या संवयी ज्या मुलास लागल्या त्याच्या हातीं कोणतेंही यंत्र सोंपवावें. ज्यास त्या लागल्या नाहींत, त्यास महागांतला महाग संगणक घेऊन दिला तरी तो त्याचा करमणुकीचाच डबा होईल.

बीबीसी मायक्रो आतां बनत नाहींत. तथापि त्यांची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम आजच्या संगणकांवर चालतात, आणि ज्यास इच्छा आहे त्यास ती लुकलुकणारी खूण आजही पाहतां येते. ज्याच्या घरीं कोणतेंच यंत्र नाहीं त्यानें खंती होऊं नये. देवळालीच्या मास्तरांपाशींही तें नव्हतें.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक काम सांगून आम्ही हा लेख पुरा करतों. तीन आंकडी संख्यांवर हीच क्रिया केली तर त्या सर्व ४९५ ह्या संख्येपाशीं येतात. तें कां, ह्याचा शोध करावा. पांच आंकडी संख्यांस मात्र असा एक मुक्काम नाहीं; त्या ठराविक संख्यांच्या फेऱ्यांत सांपडतात व तेथेंच फिरत राहतात. अशी एक तरी फेरी ज्या मुलास किंवा मुलीस आपल्या हातानें सांपडेल, त्यानें वा तिनें ती वही घेऊन आमच्याकडे यावें. यंत्रावर सांपडली असेल तर आज्ञावलीही आणावी. कागदावर सांपडली असेल तर खोडलेल्या बेरजा-वजाबाक्या न पुसतां आणाव्या.